मसाला किती खोल मुरतो?

कोंबडीच्या तंगड्या करायच्या म्हटल्या की एक सल्ला हमखास मिळतो. मसाला लावून रात्रभर ठेवा, म्हणजे तो पार हाडापर्यंत मुरतो. आई सांगते, शेजारीण सांगते, मसाल्याच्या पाकिटावरही बहुधा असेच काहीतरी छापलेले असते. पिंपरी-चिंचवड, भोसरी, तळेगाव, चाकण या औद्योगिक पट्ट्यात मात्र हा सल्ला अडचणीचा ठरू शकतो. येथे कारखान्यांत काम करणारे कितीतरी तरुण तिघे-चौघे मिळून एक खोली घेऊन राहतात. खोलीत शेगडी असते, एक कुकर असतो. फ्रीज असतोच असे नाही. पहिल्या पाळीला निघण्यापूर्वी पहाटे मसाला लावायचा, पातेले झाकून ओट्यावर ठेवायचे आणि दुपारी परतल्यावर शिजवायचे, हा मग सोयीचा मार्ग वाटतो. या आठ-नऊ तासांत मसाला किती आत जातो आणि त्याच पातेल्यात आणखी काय काय घडते, हे या लेखात पाहू.

विषय स्वयंपाकघरातला असला तरी त्यात विसरण, प्रथिने, विकरे, किण्वन, अप्रकट उष्मा हे आठवी ते दहावीच्या पुस्तकांतले शब्द एकामागून एक येतात. देहू आणि आळंदी या पट्ट्याच्या कुशीतच आहेत. वर्गात माळकरी घरांतली मुले असणारच. म्हणून पुढे दिलेल्या प्रयोगात मांसाचा तुकडाही वापरलेला नाही.

आपण ज्या तंगड्यांचा विचार करणार आहोत त्या सॉय सॉस, आले, लसूण, मिरी आणि थोडा गूळ किंवा मध लावलेल्या, पूर्व आशियाई पद्धतीच्या. चाकणला ब्रिजस्टोन या जपानी कंपनीचा टायरचा कारखाना आहे, तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना घेण्याचा करार ह्युंदाई या कोरियन कंपनीने २०२३ साली केला. पण सॉय सॉसची ओळख आपल्याला करून दिली ती या कंपन्यांनी नव्हे, तर वडापावच्या शेजारी उभ्या राहणाऱ्या चायनीजच्या गाडीने, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

तंगडीचे मांस वेगळे का?

कोंबडी उडत नाही, चालते. दिवसभर तिचे पाय काम करत असतात. सतत काम करणाऱ्या स्नायूंना प्राणवायूचा साठा लागतो आणि तो साठा मायोग्लोबिन नावाच्या तांबड्या प्रथिनात असतो. म्हणून तंगडीचे मांस गडद दिसते आणि छातीचे पांढरे. पायाच्या स्नायूंना बांधून ठेवणाऱ्या ऊतीही जास्त असतात. त्यांतले मुख्य प्रथिन कोलॅजन. कच्चे कोलॅजन चिवट असते, पण ओलसर उष्णतेत ६० अंश सेल्सियसच्या पुढे ते हळूहळू विरघळू लागते आणि ८० अंशांच्या वर हे काम चांगलेच वेगाने होते. विरघळून त्याचे जिलेटिन बनते. तंगडीचा रस्सा थंड झाल्यावर जेलीसारखा थरथरतो तो यामुळेच.

यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. छातीचे मांस ७०-७५ अंशांच्या पुढे गेले की कोरडे पडते. तंगडी मात्र ८०-८५ अंशांपर्यंत गेली तर उलट मऊ होते. नवशिक्या स्वयंपाक्याने तंगडीच घ्यावी असे मी म्हणेन. ती चुका पोटात घालते.

आपल्याकडे मिळणारी ब्रॉयलर कोंबडी साधारण पाच-सहा आठवड्यांची असते. ती इतक्या कमी दिवसांत वाढते यामागे निवड-पैदाशीचे मोठे शास्त्र आहे आणि त्याचा पुण्याशी जवळचा संबंध आहे. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ साली सुरू केलेल्या व्यंकटेश्वरा हॅचरीज या उद्योगाचे मुख्यालय पुण्यातच आहे. कोवळ्या वयामुळे ब्रॉयलरचे कोलॅजन लवकर विरघळते. गावठी कोंबडीला जो वेळ लागतो तो हिला लागत नाही. मग हिला मऊ करण्यासाठी रात्रभर मसाल्यात ठेवण्याची गरज तरी किती, असा प्रश्न इथेच डोके वर काढतो.

मीठ चालते, मसाला थांबतो

मुरणे म्हणजे शास्त्रीय भाषेत मुख्यतः विसरण. द्रावणातील कण जिथे दाट आहेत तिथून विरळ भागाकडे सरकत जातात. त्यांना कोणी ढकलत नाही. रेणूंच्या वेड्यावाकड्या धडपडीतून ते घडते. दारू प्यालेला माणूस दिव्याच्या खांबापासून निघाला तर कुठवर पोहोचेल, हे गणिताच्या पुस्तकातले जुने कोडे इथे लागू पडते. अशा चालीत अंतर वेळेच्या प्रमाणात वाढत नाही, वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. दुप्पट खोल जायला चौपट वेळ लागतो.

मिठाचे आयन मांसातून ढोबळमानाने पहिल्या तासात २ मिलिमीटर आत जातात असे धरू. मग ४ मिलिमीटरसाठी ४ तास, ८ मिलिमीटरसाठी १६ तास आणि १६ मिलिमीटरसाठी ६४ तास लागतील. तंगडीच्या जाड भागात कातडीपासून हाडापर्यंतचे अंतर साधारण दीड ते दोन सेंटिमीटर असते. म्हणजे 'हाडापर्यंत' पोहोचायला मिठालासुद्धा अडीच दिवसांहून अधिक काळ लागेल. रात्रभराचे आठ तास त्याला जेमतेम साडेपाच-सहा मिलिमीटर नेतात.

हे झाले मिठाचे. त्याचे आयन लहान आणि पाण्यात सहज विरघळणारे. हळदीतले, मिरचीतले, मिरीतले, लवंग-दालचिनीतले स्वादाचे रेणू बरेच मोठे असतात आणि त्यांतले बहुतेक पाण्यात नव्हे तर तेलात विरघळतात. मांस म्हणजे तीन-चतुर्थांश पाणी. तिथे या रेणूंना वाट मिळत नाही. ते पृष्ठभागावर आणि फार तर एक-दोन मिलिमीटरच्या थरात थांबतात. तंगडी कातडीसकट घेतली असेल तर कातडीखालचा चरबीचा थर मिठालाही अडवतो.

मग आपल्या तंगडीत आत चव कुठून येते? एक तर मिठाने. मीठ योग्य असले की मांसाची स्वतःची चव उठून येते आणि आपण म्हणतो, मसाला छान मुरलाय. दुसरे म्हणजे चिरांमुळे. सुरीने हाडापर्यंत तिरक्या चिरा दिल्या की मसाल्याला आत मुरावे लागत नाही, तो आधीच आत जाऊन बसतो. दोन चिरांमध्ये एक सेंटिमीटर अंतर ठेवले तर मांसाचा कोणताही कण मसाल्यापासून ५ मिलिमीटरपेक्षा दूर राहत नाही. वरच्याच हिशोबाने मिठाला तिथे पोहोचायला सव्वासहा तास पुरतात. अर्ध्या सेंटिमीटरवर चिरा दिल्या तर अंतर अडीच मिलिमीटर, आणि वेळ दीड तास. वेळ चौपटीने कमी करण्याचे काम सुरी दोन मिनिटांत करते. हे गणित फळ्यावर जरूर मांडावे. वर्गमूळ कशासाठी शिकायचे, असे विचारणाऱ्या मुलाला ते पटते.

मीठ आत गेल्यावर काय करते, तेही पाहू. अनेक पुस्तकांत मुरवण्याचे स्पष्टीकरण 'परासरण' या एका शब्दात उरकलेले असते. ते पुरेसे नाही. बटाट्याची फोड मिठाच्या पाण्यात ठेवली तर ती पाणी सोडून लुळी पडते, कारण तिच्या पेशी जिवंत असतात आणि त्यांचे पटल शाबूत असते. कोंबडीचे मांस ५-६ टक्के मिठाच्या पाण्यात काही तास ठेवले तर त्याचे वजन उलट वाढते. मिठातले क्लोराइड आयन स्नायूंच्या तंतूंतील प्रथिनांना चिकटतात, त्या प्रथिनांवरचा ऋण प्रभार वाढतो, तंतू एकमेकांना दूर लोटतात आणि मधल्या फटींत पाणी अडकून राहते. कोरडे मीठ चोळल्यावर सुरुवातीला मांसावर पाण्याचे थेंब येतात हे खरे, पण त्यात मीठ विरघळून ते पाणी पुन्हा आत ओढले जाते. शिजवताना असे मांस कमी आक्रसते.

वर्गात करून पाहण्यासाठी

किराणा दुकानात मिळणारे चायना ग्रास, म्हणजेच अगर, ३ ग्रॅम घेऊन २०० मिलिलिटर पाण्यात पूर्ण विरघळेपर्यंत उकळा. तीन परीक्षानळ्या दोन-तृतीयांश भराव्यात. त्यांपैकी पहिल्या नळीतल्या द्रावणात ते घट्ट होण्यापूर्वी फिनॉल्फ्थॅलीनचे तीन-चार थेंब घालून हलवा. (नळाच्या पाण्यामुळे गुलाबी छटा आलीच तर व्हिनेगरचा एक थेंब टाकला की जाते.) जेली घट्ट झाल्यावर पहिल्या नळीत वर धुण्याच्या सोड्याचे द्रावण ओता, दुसरीत पाण्यात कालवलेला खाण्याचा रंग, आणि तिसरीत कोमट तेलात कालवलेली हळद.

१५ मिनिटांनी, १ तासाने, ४ तासांनी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक नळीत रंग किती मिलिमीटर खाली उतरला ते मोजपट्टीने मोजा. पहिल्या नळीत गुलाबी सीमा झपाट्याने खाली जाते. तिथे लहान आयन चालत आहेत. खाण्याच्या रंगाचे मोठे रेणू रेंगाळतात. हळद तेलातच राहते, जेलीत उतरल्याचे जवळपास दिसत नाही. आलेख काढताना मुलांना आधी क्ष-अक्षावर वेळ घ्यायला सांगा, मग वेळेचे वर्गमूळ. पहिला आलेख वाकतो, दुसरा बराचसा सरळ येतो. तो सरळ येताना पाहण्याचा आनंद मुलांना स्वतः घेऊ द्यावा, आधी सांगून टाकू नये. जेली म्हणजे मांस नव्हे, हे मात्र शेवटी सांगायला हवे. तंतू, चरबी आणि कातडी तिच्यात नसतात.

आंबट, पपई आणि आले

लिंबू, व्हिनेगर, दही हे आंबट पदार्थ प्रथिनांच्या घड्या उलगडतात. थोड्या आंबटाने वरचा थर मऊ होतो. पण लिंबाच्या रसाचा सामू २ ते २.५ इतका कमी असतो आणि त्यात मांस तासन्‌तास ठेवले तर वरचा थर पांढुरका, पिठूळ होतो व पाणी सोडतो. दह्याचा सामू साडेचारच्या आसपास, त्यामुळे ते सौम्य. उत्तरेकडच्या तंदुरी पद्धतीत आणि आपल्याकडेही दही वापरण्याची चाल पडली ती उगीच नव्हे.

कच्च्या पपईतील पपेन, अननसातील ब्रोमेलेन ही प्रथिने तोडणारी विकरे आहेत. आल्यातही असे विकर असते. मटणाला कच्ची पपई लावणे हा आपल्याकडचा जुना उपाय. कोरियात याच कामासाठी तिथले पेअर हे फळ किसून घालतात. या विकरांबद्दल एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. थंडीत ती फारसे काम करत नाहीत, त्यांचा खरा जोर मांस तापू लागते तेव्हा, ५०-७० अंशांच्या दरम्यान असतो, आणि त्याहून पुढे ती स्वतःच निकामी होतात. म्हणून पपई लावून रात्रभर थांबण्यात फारसा अर्थ नाही. ब्रॉयलरच्या तंगडीला तर पपई लावूच नये. बाहेरून लगदा होतो.

रात्रभर ठेवण्याने होणारा एक फायदा मात्र खरा आहे, पण त्याचे श्रेय मसाल्याला नाही. आपण दुकानात कोंबडी आपल्यासमोर कापून घेतो आणि तासाभरात पातेल्यात टाकतो. प्राणी मेल्यावर स्नायूंतील एटीपी हा ऊर्जावाहक रेणू संपत जातो. तो संपला की ॲक्टिन व मायोसिन या प्रथिनांचे तंतू एकमेकांत अडकतात आणि मांस ताठरते. कोंबडीत ही ताठरता काही तासांत सैल पडते, कारण स्नायूंतलीच विकरे ती सोडवतात. त्यापूर्वी शिजवलेले मांस चिवट लागते. मसाला लावून फ्रीजमध्ये ठेवलेल्या तासांत हे काम आपोआप होते आणि आपण म्हणतो, मसाल्याने मऊ केले!

दोन बुरश्या

सॉय सॉसबद्दल थोडे थांबून बोलायला हवे, कारण त्याचे शास्त्र पिंपरीच्या इतिहासाशी जाऊन भिडते. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि १९५५ पासून तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. पिंपरीकर त्याला नुसते 'एच. ए.' म्हणतात. पेनिसिलियम जातीची बुरशी मोठमोठ्या टाक्यांत, निर्जंतुक हवा खेळवत वाढवायची आणि तिने सोडलेले औषध वेगळे करायचे, असे ते काम. औद्योगिक किण्वनाचा हा आपल्या देशातला एक पायाचा दगड. आजच्या मोटारींच्या शहरात तो थोडा विसरला गेला आहे.

सॉय सॉसही बुरशीच्याच कष्टावर तयार होतो. शिजवलेले सोयाबीन आणि भाजलेला गहू यांवर ॲस्परजिलस ओरायझी नावाची बुरशी वाढवतात. ती विकरे सोडते. मग हे मिश्रण मिठाच्या दाट पाण्यात कित्येक महिने ठेवतात. विकरे प्रथिनांचे तुकडे करून ॲमिनो आम्ले बनवतात आणि पिष्टाची साखर करतात. मीठ सहन करणारे जीवाणू आणि यीस्ट उरलेले काम पाहतात. या ॲमिनो आम्लांत ग्लुटामिक आम्ल मोठ्या प्रमाणात असते. १९०८ साली टोक्योत किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने कोम्बू या समुद्री वनस्पतीच्या रश्शातून ग्लुटामेट वेगळे केले आणि त्याच्या चवीला 'उमामी' असे नाव दिले. आपल्या पिकलेल्या टोमॅटोतही ते असते.

बाजारातले सगळे सॉस असे महिनोन्‌महिने मुरलेले नसतात. काही स्वस्त प्रकारांत प्रथिने आम्लाने तोडतात आणि रंगासाठी कॅरॅमल घालतात. बाटलीवरची घटकांची यादी वाचली की कळते. यादी वाचण्याची सवय हाही विज्ञान शिक्षणाचाच भाग मानावा.

सॉय सॉसमध्ये १०० ग्रॅमला साधारण १४ ते १८ ग्रॅम मीठ असते. म्हणजे दोन मोठे चमचे सॉस घातला की सुमारे ५ ग्रॅम मीठ आलेच. हाडासकट ६०० ग्रॅम भरणाऱ्या सहा तंगड्यांना एकूण ८ ग्रॅम मीठ पुरते. तेव्हा वरून घालायचे मीठ अर्धा लहान चमचाच. नेहमीच्या अंदाजाने मीठ टाकणारे इथे फसतात.

ओट्यावरचे नऊ तास

आता सुरुवातीच्या पातेल्याकडे वळू. कच्च्या कोंबडीवर साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर यांसारखे जीवाणू असू शकतात. साधारण ५ ते ६० अंशांदरम्यानचे तापमान रोगकारक जीवाणूंच्या वाढीला धोक्याचे मानतात आणि एप्रिल-मेमधल्या पत्र्याच्या खोलीत ३५-४० अंश सहज असतात. अनुकूल परिस्थितीत साल्मोनेलासारखा जीवाणू सुमारे २० मिनिटांनी दुभंगतो. आठ तासांत अशा २४ पिढ्या होतात. २ चा २४ वा घात काढायला मुलांना सांगा : १,६७,७७,२१६. हा आकडा एका जीवाणूपासून सुरू केलेला आहे. प्रत्यक्षात सुरुवातीला वाढ मंद असते, मीठ आणि आंबट तिला थोडे रोखतात, अन्न संपते. त्यामुळे आकडा असाच्या असा घेऊ नये. तरीही नऊ तास आणि चाळीस मिनिटे यांतला फरक त्यावरून कळतो. चाळीस मिनिटांत एकाचे फार तर चार होतात. मसाल्यातल्या मिठाने आणि हळदीने जीवाणू मरतात, हा समज मात्र सोडून द्यावा. चवीपुरत्या मिठाला साल्मोनेला भीक घालत नाही.

शिजवल्यावर तर सगळे मरते ना? जीवाणू मरतात. पण स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जीवाणू, जो आपल्या नाकात आणि हातावरच्या जखमांत राहतो, वाढताना एक विष तयार करतो आणि ते विष उकळल्यानेही नष्ट होत नाही. शिवाय कच्च्या मसाल्याचे हात, सुरी, पाट आणि त्याच पाटावर चिरलेला कांदा या वाटेने जीवाणू न शिजवताच पोटात जातात. चाकणच्या बाजारातला उत्तम कांदा असला तरी तो कोंबडीच्या पाटावर चिरू नये.

या ठिकाणी मीठ-मसाल्याचे आधीचे गणित उपयोगी पडते. फ्रीज नसेल तर तंगड्या सकाळी आणूच नयेत. कामावरून येताना आणाव्यात, अर्ध्या सेंटिमीटरवर चिरा द्याव्यात, मसाला लावून अर्धा-पाऊण तास ठेवावे आणि शिजवायला घ्यावे. चवीत होणारी तूट फारच थोडी. हवे तर ती शेवटी वरून लावायच्या रसाने भरून निघते. ज्या गोष्टीसाठी आपण धोका पत्करत होतो, ती गोष्ट त्या नऊ तासांत घडतच नव्हती.

फ्रीज असेल तर तो ५ अंशांच्या खाली असावा आणि भांडे झाकून खालच्या कप्प्यात ठेवावे, म्हणजे रस गळून खालच्या भाजीवर पडणार नाही. आपल्या भागात गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याची पद्धत आहे. दार न उघडता फ्रीज साधारण चार तास थंड राहतो. गुरुवारी बरेच लोक मांसाहार करत नाहीत, पण शुक्रवारसाठी बुधवारीच मसाला लावून ठेवणाऱ्यांनी ही वेळ ध्यानात ठेवावी.

मांस नळाखाली धुण्याबद्दलही वाद आहे. धारेचे तुषार उडून जीवाणू आसपास पसरतात, म्हणून धुऊ नये असे आहारतज्ज्ञ सांगतात. आपल्याकडे समोर कापलेल्या कोंबडीला रक्त, पिसे चिकटलेली असतात. न धुण्याचा सल्ला कोणी ऐकणार नाही. मग पातेल्यातल्या स्थिर पाण्यात हलक्या हाताने विसळावे, पाणी अलगद ओतावे आणि मोरी व हात साबणाने धुवावेत.

प्रतिजैविकांचाही संबंध इथे येतो. कोंबड्यांना आजार टाळण्यासाठी आणि वाढीसाठी औषधे देण्याने औषधांना न जुमानणारे जीवाणू निर्माण होतात. माणसासाठी अखेरचा उपाय मानले जाणारे कोलिस्टिन हे औषध अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांना देण्यावर भारत सरकारने २०१९ साली बंदी घातली. असे चिवट जीवाणूही पुरेशा उष्णतेने मरतात. औषधाला ते दाद देत नाहीत, आचेला देतात.

आधी कुकर, मग तवा

ओव्हन नसलेल्या घरात तंगडी आतून शिजवणे आणि बाहेरून खरपूस करणे ही दोन कामे वेगळी करावीत. कारण त्यांना लागणारी परिस्थिती एकमेकांच्या विरुद्ध आहे. कोलॅजन विरघळायला ओलावा लागतो. खरपूस रंगाला कोरडेपणा लागतो.

तंगड्यांचा तांबूस रंग आणि भाजका वास ॲमिनो आम्ले आणि साखर यांच्या अभिक्रियेतून येतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामीय मायार याने १९१२ साली तिचे वर्णन केले. ती साधारण १४० अंशांच्या आसपास वेग घेते. पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तापमान १०० अंशांच्या पुढे जात नाही. १ ग्रॅम पाणी ३० वरून १०० अंशांपर्यंत तापवायला ७० कॅलरी लागतात, आणि त्याची वाफ करायला ५४०. ओली तंगडी तव्यावर टाकली की सगळी उष्णता वाफ करण्यात जाते आणि तंगडी भाजण्याऐवजी उकडते. कुकरमध्ये तापमान सुमारे १२० अंशांपर्यंत चढते, पण तिथेही ती ओलीच. म्हणून कुकरमधली तंगडी मऊ असते आणि फिकी दिसते.

सहा तंगड्यांना चिरा देऊन दोन मोठे चमचे सॉय सॉस, अर्धा लहान चमचा मीठ, एक मोठा चमचा आले-लसणाचे वाटण, एक मोठा चमचा लिंबाचा रस आणि मिरपूड लावावी. गूळ किंवा मध आत्ता घालू नये. ठेवून झाल्यावर मसाल्यासकट कुकरमध्ये अर्धी वाटी पाणी घालून मध्यम आचेवर दोन शिट्ट्या कराव्यात आणि कुकर आपोआप निवू द्यावा. तंगड्या बाहेर काढून स्वच्छ ताटात पसराव्यात, वाफ जाऊन पृष्ठभाग सुकू द्यावा. लोखंडी तवा चांगला तापवून थोड्या तेलावर त्या सर्व बाजूंनी तांबूस कराव्यात. सॉय सॉसमध्ये ॲमिनो आम्ले आणि साखर दोन्ही तयारच असल्यामुळे रंग पटकन चढतो.

कुकरमधल्या रसात एक मोठा चमचा गूळ घालून तो दाट होईपर्यंत आटवावा आणि शेवटच्या दोन मिनिटांत तंगड्यांवर लावावा. गूळ आधीपासून लावला तर मांस तापायच्या आत तो करपतो आणि बाहेरून काळी, आतून कच्ची अशी तंगडी हाती येते. मधाचे त्याहून लवकर होते, कारण त्यातली फळशर्करा कमी तापमानाला करपते.

कुकर नसेल आणि तंगड्या थेट तव्यावर करायच्या असतील तर झाकण ठेवून मंद आचेवर २५-३० मिनिटे द्यावीत, आणि हाडाजवळचे मांस किमान ७४ अंशांपर्यंत तापले पाहिजे. हे ओळखायचे कसे? रंगावरून ओळखता येते असा समज आहे. तो भरवशाचा नाही. कोवळ्या ब्रॉयलरची हाडे सच्छिद्र असतात. त्यांतल्या मज्जेतले तांबडे रंगद्रव्य, विशेषतः गोठवलेल्या मांसात, बाहेर झिरपते आणि पूर्ण शिजलेली तंगडीही हाडाशी लाल किंवा काळपट दिसते. उलट, वरून पांढरे झालेले मांस आत कच्चे असू शकते. टोचून पाहण्याचा अन्न-तापमापक आता स्वस्तात मिळतो. शाळेच्या प्रयोगशाळेतला पाऱ्याचा तापमापक मात्र अन्नात कधीही घालू नये. तो फुटला तर सगळे पातेले फेकावे लागेल. तापमापक नसेल तर सांध्याजवळ सुरी खुपसून रस पाहावा आणि हाड हलवून पाहावे. मांस हाडापासून सैल सुटत असेल तर कोलॅजन विरघळले आहे, म्हणजे तापमान ७४ च्या बरेच पुढे गेलेले आहे. तंगडीच्या बाबतीत हीच खूण सर्वांत चांगली.

कच्च्या तंगड्यांना लावलेला मसाला पातेल्यात उरला असेल तर तो चटणीसारखा तसाच वाढू नये. चार-पाच मिनिटे खळखळून उकळला की चालतो. कच्च्या मसाल्यात बुडवलेली कुंची किंवा चमचा शिजलेल्या तंगड्यांवर वापरायचा नाही, दुसरा घ्यायचा.